साखळीची लांबी, साखळीचं वळण

कार्तिकातल्या थंडीत कळंबला पहाटे खोबरेलाची बाटली थिजलेली असते. शेजारचं खुरासणीचं तेल मात्र धारेनं ओतता येतं. दोन्ही तेलंच, दोन्ही मेदाम्लांची. फरक आहे तो साखळीच्या आकारात. खोबरेलातल्या मेदाम्लांच्या कार्बन साखळ्या बहुतेक सरळ, त्यामुळे त्या एकमेकींना लागून दाटीनं बसतात आणि तेल गोठतं. भीमाशंकरकडच्या उतारांवर पिवळ्या फुलांनी डोलणाऱ्या खुरासणीच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर. त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि प्रत्येक बंधापाशी साखळी वाकते. वाकलेल्या साखळ्यांना दाटीनं बसता येत नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीची हद्द याच नियमावर उभी आहे, आणि त्या हद्दीचा अभ्यास पुण्यात किती खोलवर झाला आहे हे आपल्या भागात फार थोड्यांना माहीत आहे.

या शास्त्राची सुरुवात लायडनची. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी लाल रक्तपेशींतला मेद वेगळा काढून पाण्यावर पसरला. त्यानं व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरली. म्हणजे पेशीपटल मेदाच्या दोन थरांचं. (त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या: मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. त्या एकमेकींना छेदून गेल्या आणि निष्कर्ष बरोबर ठरला.) १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांच्या आहारातून मेद काढून टाकला, तेव्हा उंदरांची वाढ खुंटली, कातडीला खवले आले. काही मेदाम्लं शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात, हे तेव्हा कळलं. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी पेशीपटल स्थिर भिंतीसारखं नसून प्रवाही असल्याचं मांडलं. या पटलाची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. एका मिलिमीटरात अशी दोन लाख पटलं मावतील.

मेंदूच्या पेशीपटलांत डीएचए या मेदाम्लाचं प्रमाण मोठं असतं. बावीस कार्बन, सहा दुहेरी बंध, म्हणजे सहा ठिकाणी वाक. इथून साहेबराव महाडिक यांचं काम सुरू होतं. अमेरिकेत ऑगस्टा इथल्या मेडिकल कॉलेज ऑफ जॉर्जियामध्ये त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची पेशीपटलं तपासली. रक्तपेशींवर आहाराचा आणि औषधांचा परिणाम होतो, म्हणून त्यांच्या गटानं रुग्णांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, सर्व पेशींना सारखंच पोषण देऊनही रुग्णांच्या पेशींमध्ये डीएचए कमी आढळलं. उणीव फक्त ताटातली नव्हती, पेशीच्या कामकाजातलीही होती. मला हा प्रयोग अतिशय देखणा वाटतो, कारण एका साध्या युक्तीनं त्यानं दोन शक्यता वेगळ्या केल्या.

पुढे महाडिकांनी पुण्यात भारती विद्यापीठाच्या 'इर्शा' या आरोग्य संशोधन संस्थेशी सहकार्य केलं. मीना अरविंदाक्षन, प्रभाकर रांजेकर आदींबरोबरचा त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ३३ रुग्णांना चार महिने ओमेगा-३ मेदाम्लं (डीएचए याच गटातलं) आणि सोबत ई व क जीवनसत्त्वं दिली. ही जीवनसत्त्वं कशासाठी? जितके दुहेरी बंध जास्त, तितकं मेदाम्ल ऑक्सिजनच्या माऱ्यात लवकर खराब होतं. नुसता पुरवठा करून भागत नाही, राखणही करावी लागते. रुग्णांची लक्षणं कमी झाली. पूरक गोळ्या थांबवल्यावर चार महिन्यांनी मेदाम्लांची पातळी पुन्हा खाली आली, तरी सुधारणा बरीच टिकून होती. या अभ्यासात तुलनेसाठी निष्क्रिय गोळी घेणारा गट नव्हता, आणि जगभरच्या नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून कोणीही मानसोपचारतज्ज्ञांची औषधं सोडून माशाच्या तेलाच्या मागे लागू नये.

आपल्या तालुक्यांच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचं काम मला त्याच संस्थेतल्या साधना जोशी यांच्या गटाचं वाटतं. गरोदरपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतणारा प्रीएक्लॅम्पसिया आणि अकाली प्रसूती, यांचा वारेतल्या मेदाम्लांशी काय संबंध आहे, याचा त्यांनी वर्षानुवर्षं शोध घेतला. त्यांच्या मांडणीतला धागा असा: यकृतात एका मेदरेणूला तीन मिथाइल गट जोडले जातात, तेव्हा डीएचए वाहून नेणारं फॉस्फॅटिडिलकोलीन तयार होतं. हे मिथाइल गट पुरवणाऱ्या साखळीत फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व लागतं. बी-१२ कमी पडलं की डीएचएची वाहतूकही अडते. माळकरी घरांत मांस-मासे-अंडी वर्ज्य असतात. तिथे बी-१२ मिळण्याचा मार्ग मुख्यतः दूध-दही. ज्या घरातलं सगळं दूध डेअरीला जातं आणि गरोदर सुनेच्या वाट्याला चहापुरतंच उरतं, त्या घरानं हे संशोधन समजून घ्यायला हवं. तिच्या रक्तातलं बी-१२ डॉक्टरांच्या सल्ल्यानं तपासून घेणं अवघड नाही.

मेदाम्लांची हद्द फक्त आपल्याच पेशींना असते असं नाही. क्षयाच्या जंतूचं कवचही मेदाम्लांचंच, आणि तेही साठ ते नव्वद कार्बन लांबीच्या मायकोलिक आम्लांचं. औषधं आत शिरू न देणारं हे कवच तयार होऊ नये, म्हणून आयसोनियाझिड हे औषध दिलं जातं. संशोधक राजेश गोखले आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की हा जंतू मेदाम्लं कामाला लावण्यासाठी तोवर अपरिचित असलेला विकरांचा एक वर्ग वापरतो. नव्या औषधांसाठी तिथे एक लक्ष्य मिळालं.

आता पुण्यातल्या पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेकडे येऊ. तिथले सिद्धेश कामत ज्या रेणूंवर काम करतात ते पेशीपटलातूनच निघतात. पटलातल्या फॉस्फॅटिडिलसेरीन या मेदरेणूच्या दोन साखळ्यांपैकी एक तुटली की उरतो लायसो-पीएस, आणि तो पेशींमध्ये निरोप पोचवतो. एबीएचडी१६ए हे विकर त्याच्या निर्मितीला हातभार लावतं, एबीएचडी१२ त्याचा निकाल लावतं. एबीएचडी१२ च्या जनुकात बिघाड असलेल्यांना 'फार्क' हा दुर्मीळ आनुवंशिक आजार होतो: ऐकू येणं कमी होतं, दृष्टी जाते, तोल सुटतो, हातापायांच्या नसा दुबळ्या होतात. निरोप वेळेवर पुसला गेला नाही, की मज्जासंस्थेत दाह धुमसत राहतो.

कामत यांच्या गटानं २०२१ मध्ये त्यात एक बारकावा दाखवला. लायसो-पीएसचं डोकं तेच, फक्त साखळीची लांबी बदलली, की पेशीचा प्रतिसाद बदलतो. बावीस किंवा अधिक कार्बनची साखळी दाह पेटवते आणि टीएलआर२ या ग्राहकामार्फत बोलते. त्याहून आखूड साखळी वेगळ्याच वाटेनं, वेगळाच परिणाम घडवते. मेदाम्ल म्हणजे इंधन किंवा भिंतीचा माल, इतकीच आपली समजूत असते. इथे चार कार्बन जास्त असण्यालाही अर्थ आहे. २०२४ चा जीवविज्ञानाचा इन्फोसिस पुरस्कार कामत यांना मेदरेणूंवरच्या याच वाटचालीसाठी मिळाला.

स्वयंपाकघरापर्यंत यातलं काय येतं? खुरासणीचं तेल चांगलं, पण त्यात ओमेगा-६ आहे, ओमेगा-३ जवळपास नाही. शाकाहारी घरात ओमेगा-३ चा सर्वांत सोपा स्रोत जवस. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. आपलं शरीर त्यापासून डीएचए फारच थोडं बनवतं, कोंबडी मात्र बऱ्यापैकी बनवते आणि अंड्याच्या बलकात साठवते. भारती विद्यापीठात महाबळेश्वर हेगडे यांच्या गटानं जवसावर दीर्घकाळ काम केलं, त्यात जवस खाऊ घातलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांचाही समावेश होता. मंचर परिसरातल्या कुक्कुटपालकांनी हा विषय जरूर पाहावा.

कळंब, घोडेगाव, जुन्नर, नारायणगावच्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती आहे. बारावीची हुशार मुलं नीट आणि जेईईपलीकडे पाहत नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आयसरचा प्रवेश आयएटी या परीक्षेतून होतो, आणि पाषाण आपल्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे. या वर्षी निदान एका तुकडीला तिथे घेऊन जा.