अंगणात पाण्याची नळी पुरताना

घर बांधताना मनुष्य विटा वाजवून घेतो, लाद्या पारखतो. परंतु पाण्याची नळी पुरण्याचे काम मजुरावर सोडून मोकळा होतो. मग तिची आठवण नळाला वास येऊ लागल्यावरच होते. राजेंद्रनगरात जुन्या घरांच्या नळ्या बदलण्याचे काम कोठे ना कोठे निघतेच. म्हणून हे चार शब्द.

नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदुरास आले. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याची चढण चढून ते येते. परंतु घरोघरी ते ठरावीक वेळीच सुटते, आणि सगळी गोम येथेच आहे. पाणी चालू असते तोवर नळीत दाब असतो. भेग असली तरी पाणी बाहेरच जाते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होऊ लागते आणि त्याच भेगेतून भोवतालची ओल आत ओढली जाते. पिचकारीचा दांडा मागे ओढल्यावर काय होते, हे आमच्या वर्गातील मुलेही सांगतील. कोणी नळालाच मोटार जोडली, तर ही ओढ अधिकच वाढते. २०२५ च्या डिसेंबरअखेर आपल्याच शहरातील भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली.

म्हणून फक्कीने चर आखण्यापूर्वी घरचे गटार कोठून जाते ते पाहावे. पाण्याची नळी व मैल्याची नळी यांत आडवे अंतर ३ मीटर असावे, असे जाणकार सांगतात. आपल्या प्लॉटात तेवढी जागा कोठली? तेव्हा निदान दोन्हींचे चर वेगळे ठेवावेत. एकाच चरात दोन्ही टाकून मजुरी वाचविणारे महाभाग आहेत. त्यांना आमचा दुरूनच नमस्कार. गटार ओलांडावे लागले, तर पाण्याची नळी वरून, अर्धा मीटर अंतर राखून न्यावी आणि तेथे सांधा येऊ देऊ नये. चेंबरमधून तर ती कधीच नेऊ नये.

दुसरा शत्रू आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नळीला ढकलून सांधे निखळविते. त्यासाठी चर थोडा जास्त खोदून तळाशी ४ इंच वाळू पसरावी, नळीभोवतीही वाळूच भरावी. काळी ढेकळे किंवा विटांचे तुकडे नळीवर थेट टाकू नयेत. वर मुरूम घालून थराथराने धुम्मस करावा. नळीवर माती निदान २ फूट असावी. गाडी जाते तेथे ३ फूट.

प्लास्टिकची नळी उन्हाने लांबते. १० मीटर नळी २० अंशांनी तापली, तर सुमारे सव्वा सेंटीमीटर. म्हणून ती किंचित नागमोडी टाकावी व सकाळच्या गारव्यात झाकावी.

सांध्याचे सोल्युशन एक दिवस वाळू द्यावे. मग सांधे उघडे ठेवूनच नळीत पाणी भरावे, हवा काढून टाकावी, तोटी बंद करावी आणि काही तास थांबून प्रत्येक सांधा हाताने चाचपावा. मजूर घाई करतील. त्यांना चहा पाजावा, पण चर बुजवू देऊ नये. बुजविण्यापूर्वी भिंतीपासूनची मापे घेऊन एक साधा नकाशा काढावा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवावा.