बुडबुड्यांचे मोजे

दक्षिण कोरियातील जेजू बेटावरच्या ‘हेन्यो’ स्त्रिया श्वास रोखून समुद्रात बुड्या मारतात व शंखशिंपले गोळा करतात. पूर्वी त्या सुती कपड्यांतच उतरत. १९७० नंतरच्या दशकात निओप्रीनचा पोशाख आला आणि थंड पाण्यात त्यांना अधिक वेळ राहता येऊ लागले. असे का व्हावे?

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट उष्णतावाहक आहे. निओप्रीन या कृत्रिम रबरात मात्र वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. ते शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत.

हातमोजे व पायमोजे निवडताना हेच ध्यानात ठेवावे. ते सैल असल्यास आतले कोमट पाणी निघून जाते व थंड पाणी शिरते. फार घट्ट असल्यास रक्तप्रवाह अडतो आणि बोटे अधिकच गारठतात. ३ मिलिमीटरपेक्षा ५ मिलिमीटर जाडीचे मोजे ऊबदार खरे. पण त्यांत बोटे नीट वळत नाहीत. शिवाय १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात आणि ऊब घटते.

म्हणून खरी कसोटी एकच : मोजे घालून कमरेचा वजनाचा पट्टा एका हाताने झटकन सोडता आला पाहिजे. संकटात तो सुटला नाही, तर जिवावर बेतते!