मैफल, मिरवणूक आणि बँड: वादकांचे फोटो काढताना

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींचे फोटो काढताना दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. उजेड कमी असतो, आणि हात थांबत नाहीत. कमी उजेडासाठी शटर जास्त वेळ उघडे हवे. तबलजीची बोटे टिपायची तर ते झटकन मिटायला हवे. शटर, अपर्चर आणि आयएसओ यांची सांगड घालताना म्हणूनच आधी शटरचे ठरवावे. ते वाजवणाऱ्याच्या हातावर ठरते. बाकीचे दोन आकडे त्याच्यामागून येतात.

बैठकीत ख्याल गाणाऱ्या गायकाला १/१२५ सेकंद बहुधा पुरतो. तानेबरोबर हात आणि मान फिरू लागली की १/२५० वर जावे. मंचभर वावरणारा गायक किंवा गिटारवादक याच वेगात सापडतो. ड्रम आणि द्रुत लयीतला तबला १/५०० मागतो, आणि ताशाच्या काड्या तर तेवढ्यातही पुसट येतात. त्या स्पष्ट हव्या असतील तर १/१००० लागतो. मात्र सगळेच गोठवून टाकण्यात शहाणपण नाही. बोटे अगदी स्थिर दिसणारा तबलजी नुसताच तबल्यावर हात ठेवून बसल्यासारखा वाटतो. चेहरा स्पष्ट आणि हात जरासे पुसट असले की फोटोत वादन दिसते. त्यासाठी तबलजीचे काही फोटो मुद्दाम १/६० ते १/१०० ने काढावेत. लेन्स लांब असेल तर स्वतःच्या हाताची थरथरही धरावी लागते: २०० मिलिमीटरला किमान १/२००, असा जुना ठोकताळा आहे. लेन्समधले स्थिरीकरण फक्त फोटोग्राफरच्या हाताला सावरते, वादकाचा हात त्याने थांबत नाही.

नवशिक्याने पहिला खर्च कॅमेऱ्यापेक्षा लेन्सवर करावा. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स लांब टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. साधी ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा सुमारे दहापट उजेड आत घेते आणि किमतीला परवडते. मंच दूर असेल तर ८५ मिलिमीटर किंवा ७०-२०० ची एफ २.८ लेन्स लागते. पण अपर्चर पूर्ण उघडले की फोकसची खोली कमी होते. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिलिमीटर, एफ १.८ आणि गायक चार मीटरवर, अशा मांडणीत जेमतेम एक वीतभर पट्टा स्पष्ट येतो. गायकाचे डोळे साधले तर मागचे तानपुरे धूसर होतात. एकट्या गायकासाठी ते छानच दिसते. गायक आणि पेटीवाला दोघेही हवे असतील तर एफ ४ वर यावे. फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर आणि डोळ्यावर ठेवावा, नाहीतर कॅमेरा पुढच्या मायक्रोफोनलाच धरून बसतो.

आयएसओ वाढवायला घाबरू नये. सभागृहात १६०० ते ६४०० हे नेहमीचे आकडे आहेत. दाणेदारपणा नंतर बऱ्यापैकी काढता येतो, हललेला फोटो मात्र कशानेच दुरुस्त होत नाही. कमी आयएसओवर अंधारा फोटो काढून तो संगणकावर उजळायला गेले की सावल्यांतले दाणे उलट जास्तच उठून दिसतात. फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत. रंग आणि उजेड नंतर सुधारायला त्यात खूप जागा राहते.

मंचामागे काळा पडदा असला की कॅमेऱ्याचा मीटर फसतो. चौकट सरासरी करड्या रंगाची असावी असे तो धरून चालतो, काळोख पाहून उजेड वाढवतो आणि गायकाचा चेहरा पांढराफटक पडतो. मैफलीत दिवे फारसे बदलत नाहीत. तिथे चेहऱ्यावर स्पॉट मीटर लावून मॅन्युअलमध्ये एकदा आकडे ठरवले की तासभर त्यांना हात लावावा लागत नाही. फक्त पांढरा झब्बा जळत नाही ना, ते हिस्टोग्रामवर पाहत राहावे. बँडच्या मंचावर दिवे क्षणाक्षणाला बदलतात. तिथे शटर आणि अपर्चर स्वतः ठरवून आयएसओ ऑटोवर सोडावा आणि एक्स्पोजर एक स्टॉपने खाली ठेवावे.

एलईडी दिव्यांनी एक नवीच डोकेदुखी आणली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर थेट चालणारे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/३२० सेकंदात त्या चढउताराचा एखादा तुकडाच सापडतो आणि फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात किंवा प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो. १/१०० किंवा १/५० ठेवले की चढउतार पूर्ण सामावतो. जुन्या हॅलोजन दिव्यांची तार तापलेलीच राहते, म्हणून त्यांचा असा त्रास जवळपास नव्हता. दुसरी अडचण रंगाची. निव्वळ लाल किंवा निळ्या एलईडीखाली एकच रंगवाहिनी भरून वाहते आणि चेहऱ्यावरचे बारकावे पुसले जातात. हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा पाहावा, आणि लाल भरला असेल तर उजेड कमी करावा किंवा दिवा बदलेपर्यंत थांबावे.

शास्त्रीय मैफलीत फोटोग्राफरने कान उघडे ठेवले तर निम्मे काम होते. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मंडपात मंच उंच असतो. अगदी पायथ्याशी उभे राहिले तर पेटी आणि माइक यांच्याआड गायकाचा चेहरा झाकला जातो. थोडे मागे आणि बाजूला जावे. तबलजी बहुतेकदा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे बसतो आणि गायकाकडे पाहत असतो. श्रोत्यांच्या उजव्या टोकावरून गायक आणि तबलजी असे दोन्ही चेहरे मिळतात. पेटीवाला हवा असेल तर डावे टोक धरावे.

मग समेची वाट पाहायची. बारा मात्रांच्या विलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण-एक मिनिटसुद्धा चालू शकते. त्यात बराच वेळ गायक स्वतःत असतो, डोळे मिटलेले, हात सुरामागे फिरणारा. मुखडा जवळ आला की तो मान वर करतो, तबलजीकडे नजर जाते, दोघे एकदम समेवर येतात आणि मान हलते, हात खाली येतो. पाठोपाठ दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान उमटते, तो फोटो समेइतकाच मोलाचा. ताल समजणाऱ्याचे बोट मुखडा सुरू होताच शटरवर अर्धे दाबलेले असते आणि समेच्या किंचित आधी पूर्ण दाबले जाते, कारण माणूस आणि यंत्र दोघांनाही थोडा उशीर लागतोच. ताल न कळणारा समेनंतर दाबतो. द्रुतात तिहाई सुरू झाली की तीच इशारा देते.

आलाप चालू असताना शटरचा आवाज करू नये. मंद्रातल्या षड्जावर झालेली खटखट पहिल्या दहा रांगांना ऐकू जाते. मिररलेस कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द असते, पण एलईडीचे पट्टे त्यातच जास्त येतात. कार्यक्रमाआधी माइकची जुळवाजुळव चालते तेव्हा १/१०० वर चाचणी घ्यावी. पट्टे आलेच तर यांत्रिक शटर तबला सुरू झाल्यावर, द्रुत लयीत किंवा टाळ्यांमध्ये वापरावे. फ्लॅश तर काढूच नये. मिटल्या डोळ्यांनी सूर शोधणाऱ्या माणसावर तो आघात आहे.

ढोल-ताशा पथकाचे गणित अगदी वेगळे. विसर्जनाच्या दुपारी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर वर ऊन आणि खाली इमारतींची सावली असते. आयएसओ ४०० ते ८००, १/१००० आणि एफ ४ पासून सुरुवात करावी. गुडघ्यावर बसून २४ मिलिमीटरने पाहिले की ढोलांची रांग भव्य दिसते. टिपरू वर जाऊन उलटे फिरते तिथे हात क्षणभर थांबलेला असतो, म्हणून १/२५० लाही तो स्पष्ट येतो, आणि सगळी रांग त्याच क्षणी एका उंचीवर असते. चाल बदलण्याआधी ढोलवाले ताशावाल्याकडे पाहतात. त्यावर लक्ष ठेवले तर पुढचा ठोका चुकत नाही. फिरणारा ध्वज १/३० ने पुसट होऊ द्यावा, तो तसाच शोभतो. गुलालात लेन्स बदलू नये, पुढे फिल्टर लावावा आणि धूळ कापडाने न पुसता आधी हवेच्या पंपाने उडवावी. कानात बोळे हवेतच. दोरीच्या आत जायचे तर पथकप्रमुखाला आधी विचारावे.

रॉक बँडच्या मोठ्या कार्यक्रमांत फोटोग्राफरना बहुधा पहिल्या तीन गाण्यांपुरतीच मंचाजवळ मुभा असते, तीही फ्लॅशविना. गायकाच्या तोंडासमोरचा माइक टाळायला पाव वळणावर उभे राहावे. ड्रमर मागे, अंधारात, झांजांच्या आड असतो. त्याला मंचाच्या कडेवरूनच गाठावे. मागून येणारा उजेड चुकवू नये. अमेरिकन छायाचित्रकार हर्मन लिओनार्ड यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबात सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन यांचा काढलेला फोटो आजही पाहावा असा आहे. मागच्या दिव्याने सिगारेटचा धूर उजळला आहे आणि काळोखात वादकाची कड चमकते आहे. आजच्या मंचावर धुराचे यंत्र तेच काम करते.

समूहाचा एकत्रित फोटो शक्यतो दिवसा, सावलीत घ्यावा. दोन रांगा असतील तर एफ ५.६ ते ८, फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर, आणि लेन्स ३५ किंवा ५० मिलिमीटर; २४ ने कडेचे चेहरे ताणले जातात. हातात वाद्ये द्यावीत आणि खरोखर काहीतरी वाजवायला सांगावे. ताठ उभे राहिलेले खांदे दोन ओळींतच सैल पडतात.

घरी आल्यावर आधी सगळ्या फायलींची दुसरी प्रत करावी, मग निवड. एकाच भावमुद्रेचे दहा फोटो असतील तर एक ठेवावा. तोंड वेडेवाकडे उघडलेले फोटो, ते कितीही स्पष्ट असले तरी, कलावंताचा मान राखून बाजूला काढावेत. लाल दिव्याने बिघडलेला पण क्षण पकडलेला फोटो कृष्णधवल करून पाहावा; पुष्कळदा तो तगतो. निवडलेले फोटो कलावंतांना पाठवावेत, आणि जाहिरातीसाठी वापरायचे असतील तर त्यांची लेखी परवानगी घ्यावी.