एडवणहून अर्नाळ्याच्या जंजिऱ्यास

समुद्रांत उभा असलेला एखादा जुना किल्ला सकाळीं जाऊन पाहावा आणि दिवस मावळण्यापूर्वीं घरीं परतावें, हा बेत कागदावर फार सोपा दिसतो. गाडीची वेळ पाहिली, शिदोरी बांधली, मुलांना लवकर उठविलें, कीं तयारी झाली असें वाटतें. परंतु जमिनीवरील सहल आणि पाण्यावरील सहल यांत एक मूलभूत भेद आहे. जमिनीवरील रस्ता सकाळीं जेथें असतो तेथेंच सायंकाळींही असतो. पाण्यावरील वाट मात्र सहा तासांत आपलें रूप बदलते. हा भेद ध्यानांत न घेतां निघालेल्या कुटुंबावर गुडघाभर चिखल तुडविण्याचा, मुलांना खांद्यावर घेण्याचा, किंवा होडीची वाट पाहत किनाऱ्यावर तिष्ठत बसण्याचा प्रसंग येतो. पालघर तालुक्यांतील एडवणहून अर्नाळ्याच्या जंजिऱ्यास जाऊन येण्याची सहल या दृष्टीनें अभ्यासण्यासारखी आहे.

एडवण हें केळव्याच्या दक्षिणेस समुद्रकांठीं वसलेलें गांव. आशापुरी देवीच्या मंदिरामुळें त्याचें नांव आसपास सर्वांना ठाऊक आहे, आणि पोर्तुगीज अमदानींतील एका लहानशा कोटाचे अवशेषही येथें आहेत. या किनाऱ्यानें दक्षिणेकडे गेलें म्हणजे दातिवरे लागतें आणि तेथें जमीन संपते. पुढें वैतरणेचें रुंद मुख आहे. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी येथें सागरास मिळते. मुखाच्या पलीकडे, अर्नाळा गांवासमोर समुद्रांत जी तटबंदी दिसते तोच अर्नाळ्याचा जंजिरा. ‘जंजिरा’ हा शब्दच मूळ अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट या शब्दापासून आला आहे.

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावरून किल्ला डोळ्यांसमोर दिसतो, पण तेथें पोंचावयाचें तर वळसा घ्यावा लागतो. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला आगगाडीचा. एडवणहून सफाळे स्टेशनावर यावें. सफाळ्यानंतर वैतरणा आणि मग विरार. विरारहून आगाशीमार्गें अर्नाळ्यास बस जाते. दुसरा मार्ग नवा असून तो पाण्याचा आहे. सफाळ्याजवळील जलसार आणि विरारजवळील मारंबळपाडा यांच्या दरम्यान १९ एप्रिल २०२५ पासून मोटारींसह माणसें नेणारी रो-रो नौका प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महामार्गानें सुमारें ६० किलोमीटरांचा पडणारा वळसा या नौकेमुळें खाडीवरील अवघ्या दीड किलोमीटरावर आला. हा मार्ग धरला म्हणजे एका दिवसांत दोन जलप्रवास घडतात : पहिला खाडीवरचा, मोठ्या नौकेंतला, दुसरा समुद्रावरचा, अर्नाळ्याच्या पुळणीवरून किल्ल्यापर्यंतचा, लहान होडींतला. नौकेच्या फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशीं विचारून घ्याव्या, विशेषतः परतीची शेवटची फेरी कोणती तें. तिच्या वेळेवरूनच सबंध दिवसाची उलट मोजणी करावयाची असते.

परंतु सहलीचें खरें मर्म दुसऱ्या प्रवासांत आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यापासून बेट हाकेच्या अंतरावर असून होडीला थोड्याच मिनिटांचा अवकाश लागतो. इतक्या लहान पल्ल्यासाठीं एवढा विचार कशाला, असें कोणासही वाटेल. येथें एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, गोथेनबर्ग शहराजवळ मार्स्ट्रांड नांवाचें एक बेटावरील जुनें गांव आहे. तेथेंही समुद्रांत किल्ला आहे. कार्लस्टेन हें त्याचें नांव. १६५८ सालीं तो प्रदेश स्वीडनच्या हातीं आल्यावर त्याची उभारणी सुरू झाली. तें गांवही मासेमारीवर वाढलें, आणि तेथें जाणारी नौकाही कांहीं मिनिटांत पैलतीर गांठते. दोन्हीं स्थळें जणू एकाच सांच्यांतलीं. तरी तेथील प्रवासी केवळ घड्याळ पाहून निघतो, कारण त्या समुद्रांत भरती-ओहोटीचा फरक वीतभराहून फारसा अधिक नसतो. पाण्याची पातळी जवळजवळ स्थिर, म्हणून धक्काही स्थिर आणि वेळापत्रकही स्थिर. उत्तर कोंकणांत तशी स्थिति नाहीं. मुंबईजवळ अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती आणि ओहोटी यांच्या पातळींत साडेतीन मीटरांहून अधिक अंतर पडतें, आणि उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे जावें तसतसें तें वाढत जाऊन भावनगरजवळ दहा मीटरांच्या आसपास पोंचतें. एडवण-अर्नाळ्याचा किनारा या दोहोंच्या मध्यें आहे. त्यांतून पुळण उतरती आणि उथळ. भरतींत होडी कांठाजवळ येते. पूर्ण ओहोटींत ती दूर उभी राहते आणि उतारूंना ओल्या वाळूंतून व पाण्यांतून चालत जाऊन ती गांठावी लागते. म्हणून मार्स्ट्रांडच्या प्रवाशाला जें काम घड्याळ करतें, तें अर्नाळ्याच्या प्रवाशाला चंद्राकडून करून घ्यावें लागतें.

किनाऱ्यावरील कोळी बांधवांनीं यासाठीं एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. ज्या दिवशीं जी तिथि असेल तिच्या अंकाची पाऊणपट करावी. येणारा आंकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजतां पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून सहा वाजतां. शुद्ध पक्ष असो वा वद्य पक्ष, हिशेब एकच. दिवसाला दोन भरत्या येतात. त्या एकमेकींपासून सुमारें साडेबारा तासांच्या अंतरानें असतात, आणि प्रत्येक भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनीं ओहोटी पुरी होते.

या नियमाचें कारण समजून घेणें अवघड नाहीं. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. तीस तिथींच्या एका चांद्रमासांत भरतीची वेळ बरोबर चोवीस तास सरकून पुन्हां मूळ जागीं येते. म्हणजे एका तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटें. पाऊणपटीचा नियम पंचेचाळीस धरतो. तोंडी हिशेबाच्या सोयीसाठीं सोडलेलीं हीं तीन मिनिटें पक्षाच्या आरंभीं जाणवत नाहींत. पण पंधराव्या तिथीस तींच पाऊण तासाची तूट होतात. पौर्णिमेला नियमानें सव्वाअकरा येतात, प्रत्यक्ष भरती मात्र बाराच्या सुमारास असते. म्हणून दशमीनंतरच्या तिथींना अर्धा-पाऊण तास वाढवून घ्यावा. अधिक काटेकोर वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें पाहावीं. आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावर गेल्यावर तांडेल सांगेल तोच निर्णय मानावा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या प्रमाणाची. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असतें. तेव्हां पाणी पुष्कळ चढतें आणि तितकेंच खोल उतरतें. अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हां चढही थोडा आणि उतारही थोडा. आतां एडवणहून सकाळीं सातला निघालेलें कुटुंब सुमारें साडेनऊला अर्नाळ्याच्या पुळणीवर पोंचेल असें धरूं. चतुर्थीचा दिवस निवडला तर त्या वेळीं नेमकी ओहोटी असून सकाळची वाट चिखलाची होईल. द्वादशीस भरती साडेनऊच्या आसपास येते. जातांना होडी कांठाला लागेल, मात्र एक-दीड वाजेपर्यंत परत फिरलें पाहिजे, कारण चारच्या सुमारास पाणी पार उतरलेलें असतें. वृद्ध आणि लहान मुलें बरोबर असतील तर अष्टमी सर्वांत सोयीची. सकाळीं पाणी मध्यावर, दुपारीं साडेतीनला पुन्हां मध्यावर, आणि भांगेमुळें मधली ओहोटीही फार खोल जात नाहीं. उधाणाचे दिवस मात्र अशा कुटुंबानें टाळावे. पावसाळ्याचे महिने तर सर्वांनींच वर्ज्य मानावे. जून-जुलैंत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी स्वतः समुद्राशीं जपून वागतात, तेव्हां हौशी प्रवाशानें धाडस दाखविण्याचें कारण नाहीं.

इतका खटाटोप करून जें पाहावयाचें, तें त्या मोलाचें आहे. पोर्तुगीज या बेटाला ‘गाईंचें बेट’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखत. वैतरणेच्या मुखावर ज्याचा पहारा, त्याच्या हातीं खाडींतून आंत शिरणाऱ्या गलबतांच्या नाड्या आणि वसईकडे उत्तरेहून येणाऱ्या समुद्रमार्गावरची नजर. म्हणूनच वसईच्या मोहिमेंत चिमाजी अप्पांच्या फौजेनें १७३७ सालीं हें ठाणें घेतलें. मोहिमेचा शेवट मे १७३९ मध्यें वसईच्या शरणागतीनें झाला. दरम्यान पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेनें अर्नाळ्याची तटबंदी नव्यानें उभारली गेली. त्याची साक्ष देणारा मराठी शिलालेख उत्तरेकडील महाद्वारावर आहे. द्वारावर वाघ व हत्ती कोरलेले आहेत. बुरुजांपैकीं तीन भैरव, भवानी आणि बावा या नांवांनीं प्रसिद्ध आहेत. तटाच्या आंत त्र्यंबकेश्वराचें मंदिर आणि त्यापुढें अष्टकोनी तळें आहे. त्र्यंबकच्या डोंगरांतून निघालेल्या नदीच्या मुखाशीं पुन्हां त्र्यंबकेश्वरच भेटावा, ही गोष्ट लक्षांत राहण्यासारखी आहे. खाऱ्या पाण्यानें वेढलेल्या या तटांत गोड्या पाण्याच्या विहिरीही आहेत. त्यांच्यावांचून येथें शिबंदी टिकलीच नसती. किल्ल्याबाहेर दक्षिणेच्या किनाऱ्यावर एकटाच उभा असलेला टेहळणीचा बुरूज पाहिल्यावांचून परतूं नये. १७८१ मध्यें इंग्रजांनीं किल्ला घेतला, सालबाईच्या तहानें तो मराठ्यांकडे परत आला, आणि पेशवाईच्या अखेरीस, १८१७-१८ मध्यें, तो कायमचा इंग्रजांकडे गेला. या किल्ल्याचें नांव भारतीय नौदलानें आजही जपलें आहे. १८ जून २०२५ रोजीं विशाखापट्टणम् येथें सेवेंत दाखल झालेली पाणबुडीविरोधी नौका ‘अर्नाळा’ हें नांव धारण करते, आणि ती उथळ पाण्यांत वावरण्यासाठींच बांधलेली आहे.

तथापि अर्नाळा हें केवळ अवशेषांचें बेट नव्हे. तटाभोंवतीं कोळ्यांची नांदती वस्ती आहे. दारापुढें जाळीं, वाळत घातलेले बोंबील, कालिकामातेचें देऊळ, शाळेंत जाणारीं मुलें, असा तेथील रोजचा संसार आहे. प्रवाशाला जी होडी सहलीचा आनंद देते, तीच या लोकांचा बाजाराचा, नोकरीचा आणि औषधपाण्याचा रस्ता आहे. शहरांतील कुटुंब अष्टमी पाहून निघूं शकतें. परंतु बेटावरील प्रसूतीच्या स्त्रीला किंवा तापानें फणफणलेल्या मुलाला तिथि निवडतां येत नाहीं. उधाणाच्या रात्रींही त्यांना त्याच पाण्यांतून पैलतीर गांठावें लागतें. शिवाय पावसाळी लाटांनीं किनाऱ्याची धूप होऊन घरांच्या पायांशीं पाणी येतें, ही त्यांची जुनी चिंता आहे.

यास्तव सहलीच्या बेतांत कांहीं गोष्टी अवश्य असाव्या. सुटीच्या दिवशीं होडींत गर्दी झाली तर गांवकऱ्यांना, विशेषतः सामान घेऊन चाललेल्या बायकांना, आधीं जागा द्यावी आणि आपण पुढच्या फेरीस थांबावें. त्या थांबण्यासाठीं दिवसाच्या हिशेबांत अर्धा तास मोकळा ठेवावा. तरंगजाकीट असेल तें अंगांत घालावें. तांडेलानें अधिक माणसें नकोत असें म्हटलें तर त्याच्याशीं वाद घालूं नये. पिण्याचें पाणी व फराळ बरोबर न्यावा, आणि रिकाम्या बाटल्या व कागद परत आणावे. वाळत घातलेल्या मासळींतून चालूं नये. छायाचित्र काढण्यापूर्वीं घरधन्यास विचारावें. शेवटच्या होडीच्या आधींची होडी हीच आपली शेवटची होडी असें समजावें, म्हणजे मारंबळपाड्याची नौका किंवा विरारची गाडी निसटणार नाहीं आणि दिवेलागणीच्या वेळीं सर्व मंडळी सुखरूप एडवणास पोंचलेलीं असतील.