दोन कुंडलिका

आमच्या जालन्याच्या कुंडलिकेत उन्हाळ्यात होडी घालायची म्हणजे थट्टाच! पण रायगडातील तिच्याच नावाच्या नदीत, कोलाडजवळ, भर मे महिन्यातही रबरी तराफे व कयाक धावतात. ते पाणी मुळशी धरणाचे. भिऱ्याच्या वीजकेंद्रात (१९२७) वीज देऊन ते नदीत सुटते. केंद्र थांबले की खेळही थांबतो. या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता, हे मला विसरवत नाही.

खरी कसोटी अरुंद, उताराच्या ओढ्यात. खडकाआड पाणी उलटे वळून संथ होते. तिथे विसावा मिळतो. धबधब्याच्या पायथ्याशी मात्र तसलेच उलटे पाणी होडी धरून ठेवते. म्हणून जाणता नावाडी आधी काठाने चालत जाऊन वाट ठरवतो आणि अवघड टप्पा होडी खांद्यावर घेऊन ओलांडतो.