रात्रपाळीनंतरचा तास

२००९च्या पावसाळ्यात लिहिलेलं एक वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. दादरा-नगर हवेलीतल्या अथालजवळच्या एका टेक्स्चरायझिंग कारखान्यात मी तेव्हा शिफ्ट इनचार्ज होतो. रात्री अडीचच्या सुमारास डॉफिंग चाललं होतं, म्हणजे भरलेल्या बॉबिन उतरवून रिकाम्या नळ्या चढवणं. ते करताना एका वारली पोराकडून सात-आठ धागे तुटले. हे कुणाकडूनही होतं. पण लॉगबुक इंग्रजीत लिहायचं होतं. मी लिहिलं, 'ऑपरेटर ब्रोक द यार्न.' सकाळी साहेबांनी ते वाचलं, पोराला केबिनमध्ये बोलावलं आणि त्याचा एका दिवसाचा पगार कापला.

'त्याच्याकडून धागा तुटला' असं मला म्हणायचं होतं. कागदावर उतरलं 'त्याने धागा तोडला'. मराठीत तुटणं आणि तोडणं यांत केवढं अंतर आहे! इंग्रजीत दोन्हींना क्रियापद एकच, आणि त्याच्या आधी माणूस बसवला की दोष सरळ त्याच्या माथी. मी साहेबांना समजावायला गेलो. ते म्हणाले, लिहून तर तुम्हीच दिलंय. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

तोवर मी इंग्रजी शिकू बघत होतो ते बढतीसाठी. त्या दिवसापासून बढतीचा विचार मागे पडला.

आमच्या भागात कागदावरची भाषा आणि माणसांच्या तोंडची भाषा यांची कधी गाठच पडली नाही. २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा मुक्त झालं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, विश्वनाथ लवंदे हे त्या लढ्यातले लोक, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तोपर्यंत कचेरीची भाषा पोर्तुगीज होती. खुद्द सिल्वासाला पोर्तुगीजांनी 'व्हिला दि पासो द आर्कोस' असं नाव दिलं होतं. पाड्यावरच्या माणसाने ते कसं उच्चारलं असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ११ ऑगस्ट १९६१ला दादरा-नगर हवेली केंद्रशासित झाली, पुढे करसवलतींमुळे कारखाने आले, आणि कारखान्यांबरोबर लॉगबुक, गेटपास, चलन यांची इंग्रजी आली. घरी वारली नाहीतर कोकणा, बाजारात गुजराती, शाळेत गुजराती किंवा मराठी, रिक्षात हिंदी. चार भाषा सहज बोलणारा माणूस पाचवीपुढे गप्प होतो, हे मी इथे पंचवीस वर्षं बघतोय.

मी जळगाव जिल्ह्यातून १९९८ला इथे आलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. महाराष्ट्रात ती पहिलीपासून आली २००० साली, आमच्या पिढीला तिचा उपयोग नव्हता. येताना ट्रंकेत 'रॅपिडेक्स'चं पुस्तक होतं. दिल्लीच्या पुस्तक महलचं ते पुस्तक आणि त्याच्या जाहिरातीतला कपिलदेव माझ्या वयाच्या कुणाला आठवत नाही? साठ दिवसांत इंग्रजी, अशी त्याची आखणी. पुस्तकात खोट नव्हती. पण फिरत्या पाळीवाल्याचा दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? आठवडाभर सात ते तीन, मग तीन ते अकरा, मग रात्री अकरा ते सकाळी सात. माझा एकोणिसावा दिवस तीनदा सुरू झाला आणि तीनदा राहिला.

सिल्वासात स्पोकन इंग्लिशचा क्लासही लावला होता. संध्याकाळी सात ते आठ. तीन ते अकराच्या आठवड्यात जाणं अशक्य, रात्रपाळीत गेलो तर बाकावर डोळा लागायचा. महिन्याला धड दहा तास पदरात पडत नव्हते. दोन महिन्यांनी मी सोडला. पुढे कित्येक वर्षं मला वाटत राहिलं की माझं डोकंच त्यासाठी नाही. वेळापत्रक आपल्यासाठी बनलेलं नाही, हे ओळखायला फार उशीर लागला, आणि याची मला आजही खंत आहे.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचा. आता व्हिडिओ बघताना हात आखडेना. चहाच्या सुट्टीत मी कानात वायर घालून बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' ऐकू लागलो. सहा मिनिटं! पाळीच्या माणसाला झेपेल असं इंग्रजीचं माप मला पहिल्यांदाच मिळालं होतं. सगळं कळायचं नाही, पण कान तयार होत गेला. ड्युओलिंगोही करून पाहिलं. ते तेव्हा हिंदीतून शिकावं लागे, म्हणजे मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून इंग्रजीत. खेळ म्हणून छान, पण लॉगबुकपर्यंत ते पोचलं नाही.

मग एका कंपनीची वर्षाची फी भरली. हवा तेव्हा तास, थेट शिक्षकाशी बोलणं, अशी सोय. वेळेची सोय खरी निघाली; रात्रपाळी करून सकाळी आठलासुद्धा तास मिळायचा. पण दर वेळी शिक्षक नवा. दर वेळी माझं नाव, गाव, काम, घरी किती माणसं. एकवीस तास झाले आणि एकवीस वेळा मी माझी ओळख करून दिली. वेळ लवचिक हवी, पण समोरचं माणूस तेच हवं, हे मी त्या फीच्या मोबदल्यात शिकलो.

२५ मार्च २०२०ला देश बंद झाला. मशीन थांबली. एवढी शांतता अथालमध्ये मी कधी अनुभवली नव्हती. त्याच महिन्यांत डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेशी गाठ पडली, एका सहकाऱ्याच्या ओळखीतून. त्या झूमवर शिकवू लागल्या होत्या. आम्ही पाच जण. फुकटच्या मीटिंगला चाळीस मिनिटांची मर्यादा, त्यामुळे बाईंचं वाक्य कित्येकदा अर्ध्यावर तुटायचं. (मराठीत हे बरोबर आहे. बाईंनी ते तोडलेलं नसायचं.)

त्यांनी सुरुवात केली विषयवार कोर्सने. विमानतळावर, हॉटेलात, मुलाखतीत, ईमेल. हे धडे वाईट नव्हते, पण आमच्यातल्या कुणी विमानतळ पाहिलेला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात बाई मला म्हणाल्या, "भाऊ, ते बोर्डिंग पास राहू द्या. तुम्ही कामावर रोज काय लिहिता, ते मला आठवून लिहून पाठवा. नावं गाळा." मी वहीत बावीस वाक्यं लिहिली आणि फोटो पाठवला. तो आमचा अभ्यासक्रम झाला. त्याला बाईंनी नाव दिलं 'हँडओव्हर'.

पहिलंच वाक्य होतं, 'मशीन इज क्लोज्ड सिन्स मॉर्निंग.' बाईंनी विचारलं, मराठीत काय म्हणता? 'मशीन सकाळपासून बंद आहे.' मग त्यांनी वहीवर एक रेघ ओढून कॅमेऱ्यासमोर धरली. एका टोकाला सहा वाजले, दुसऱ्या टोकाला आत्ता. मराठीत 'पासून' म्हटलं की ही सगळी रेघ त्यात आली, पुढे नुसतं 'आहे' पुरतं. इंग्रजीला रेघ क्रियापदातही दाखवावी लागते. म्हणून 'हॅज बीन डाउन सिन्स सिक्स'. शाळेत हा काळ मी पाठ केला होता. तो कशासाठी असतो, ते मला चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या रेघेवर कळलं.

तुटण्या-तोडण्याचं वाक्य मी शेवटी पाठवलं. त्यामागची गोष्टही सांगितली. बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "धाग्याला पुढे बसवा." 'द यार्न ब्रोक ड्युरिंग डॉफिंग.' धागा तुटला, डॉफिंग करताना. माणूस वाक्यात आलाच नाही. पाचच तर शब्द, पुढे एखादी वेळ लिहिली की नोंद पूर्ण.

बायको सुरुवातीला नुसती शेजारी बसायची. मग तिने स्वतःचा विषय मागितला, दवाखाना. इथले डॉक्टर हिंदी बोलतात, पण रिपोर्ट इंग्रजीत, आणि सासूबाईंचे रिपोर्ट तिलाच सांभाळावे लागत. तिच्या वहीत डाव्या बाजूला ठणका, मुरडा, आग, बधिरपणा. उजव्या बाजूला थ्रॉबिंग, क्रॅम्प, बर्निंग, नंबनेस. कळ आणि चमक यांच्यासमोरची जागा बरेच दिवस रिकामी होती. शेवटी 'चमक'समोर 'शूटिंग पेन' आलं. 'कळ'समोर नुसतं 'पेन' लिहिणं तिला पटेना, ती जागा तिने तशीच ठेवली.

कारखाने सुरू झाल्यावर पाचांतला मी एकटाच उरलो. बाई माझ्या पाळीप्रमाणे तास बदलत. दोघांच्याच मीटिंगला वेळेचं बंधन नव्हतं. २०२२च्या मे महिन्यात तेही आलं, तेव्हा आम्ही साध्या व्हिडिओ कॉलवर गेलो. माझं इंग्रजी आजही अडखळतं. मात्र नोंद लिहिताना मी थांबतो आणि पाहतो, वाक्यात पुढे कोण बसलंय.

गेल्या दिवाळीआधी अथालच्या पुलावर तो पोरगा भेटला. पोरगा कसला, आता कानशिलावर पांढरे केस. दमणगंगेला पाणी बरंच होतं, आम्ही कठड्याशी उभे राहिलो. मी त्याला २००९चं सगळं सांगितलं. त्या रात्री आपल्या हातून काहीतरी मोठं नुकसान झालं, असं तो इतकी वर्षं समजत होता. माझ्या वाक्याबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पगाराचे पैसे काढले, ते त्याने घेतले नाहीत. मुलगी नववीत आहे म्हणाला, बाई तिला शिकवतील का?

बाईंना मी तिथूनच फोन लावून दिला. त्याच्या घरी मोबाइल एकच, तो कामावर त्याच्याबरोबर असतो. बाईंनी वार विचारला नाही, इयत्ता विचारली नाही. "फोन घरी किती वाजता येतो?" एवढंच विचारलं.

मुलीचा तास आता रात्री साडेनऊला असतो.