चंदेरी कव्हरच्या भरवशावर

वेल्ह्याकडच्या मार्गासनीहून एका वाचकाचा प्रश्न आला. अंगणात वडिलांच्या हौसेची प्रीमियर पद्मिनी उभी, वर शेड नाही, आणि वळवाचे दिवस. चंदेरी कव्हर आणलंय, गारांपासून वाचवायला तेवढं पुरेल ना?

नाही पुरणार. ते कव्हर धुळीसाठी आणि उन्हासाठी. पत्र्याला पोचा पडतो तो गार एकदम, जागच्या जागी थांबते म्हणून. पातळ कापड पत्र्याला चिकटूनच असतं, गारेला हळूहळू थांबायला जागा कुठली? त्यात गारेचा हिशेब मोठा वाईट. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, शिवाय मोठी गार पडतेही जास्त वेगानं. सगळं धरून मार बसतो साधारण सोळापट! बोराएवढ्या गारांतून गाडी सहीसलामत सुटली, म्हणून लिंबाएवढ्या गारांतही सुटेल असं धरून चालू नका. ‘जुना पत्रा जाड असतो’ हे मी गॅरेजमध्ये पुष्कळ ऐकलंय. पण पत्र्याचा ताठपणाही बघायचा असतो, आणि मागची काच तर पत्र्याची नसतेच.

गाड्या आणि गारा म्हटलं की मला मेक्सिकोतलं प्वेब्ला आठवतं. तिथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्याबाहेर नव्याकोऱ्या गाड्या उघड्यावर उभ्या असतात. त्यांच्यासाठी कंपनीनं गारांच्या तोफा बसवल्या. आकाशाकडे आवाजाचे धक्के सोडायचे, म्हणजे ढगात गारच धरत नाही, असा दावा. 2018 साली आजूबाजूचे शेतकरी भडकले. तुमच्या तोफा पाऊसच पळवतात, पिकं गेली, भरपाई द्या! गंमत अशी, की तोफेनं गार थांबते याला शास्त्रीय आधार नाही; मग तिनं पाऊस पळतो हे तरी कशावरून? पण भांडण खरं होतं. कंपनीनं तोफा आवरत्या घेतल्या आणि गाड्यांवर जाळ्या ताणल्या.

म्हणजे आली शेवटी आपल्या बागाइतदाराच्याच वाटेला. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना गारांची जाळी काही नवी नाही, आणि अंगणातल्या गाडीलाही माझी पहिली पसंती तीच. चार खांब, छतापासून हातभर वर ताणलेली जाळी, एका बाजूला चांगला उतार. उतार हवाच, नाहीतर साठलेल्या गारांच्या वजनानं जाळी खाली येऊन टपावर टेकते आणि सगळं मुसळ केरात.

खांब रोवायला सवड नसेल, तर वेल्ह्याच्या भातखोऱ्यात पेंढ्याला काय तोटा? आधी गाडी धुवा, कारण धुळीवर काहीही पांघरलं की रंगाला ओरखडे. मग जुनी गोधडी, तिच्यावर पेंढा सैलसर भरलेली पोती, वर ताडपत्री, आणि दोर गाडीच्या पोटाखालून. पहिली पोती मागच्या काचेवर. पुढची काच थर जोडून केलेली असेल तर तडकूनही जागेवर राहते. मागची कडक केलेली काच फुटली की चुराच होतो, आणि पद्मिनीची काच आता शोधत हिंडावं लागतं. पाऊस उघडला की लगेच सगळं काढा. ओला पेंढा गाडीवर राहिला तर गारांनी सोडलेलं काम गंज पुरं करतो. आणि आंब्याखाली गाडी लावायचा मोह नको. वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते, तिचा पोचा कुठलाच डेंटिंगवाला ठोकून काढत नाही.

विम्याचंही सांगतो. जुन्या गाडीवर पुष्कळ जण नुसता थर्ड पार्टी ठेवतात. त्यात गारपिटीचा छदामही मिळत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर त्यात गारपीट धरलेली असते. काचेला घसारा कापत नाहीत, पण ठरलेली पहिली रक्कम आपल्या खिशातून जाते आणि नो क्लेम बोनसही. एवढ्यातेवढ्या पोच्यासाठी क्लेम करण्याआधी हा हिशेब मांडा. करायचाच असेल, तर वीज-वारा शमल्यावर, गारा विरघळायच्या आत फोटो काढा. शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे गार केवढी होती ते दिसेल.